खिन्न मनाचें औषध कसें पारखतात?

मन खिन्न झालें कीं कोणी ब्राह्मीचा रस सुचवितो, कोणी शंखपुष्पीचा. असा सल्ला आपल्या होटगीसही नवा नाहीं. परंतु तो खरा कीं खोटा, हें ठरवावें कसें?

या प्रश्नाशीं निगडित एक हकीकत आपल्याच देशांतील आहे. सर्पगंधेची मुळी पूर्वापार उन्मादावर देत असत. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांस ती देऊन आलेला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें रेसर्पिननें कांहीं रोगी खिन्न झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें. तें टोंचलेले प्राणीहि मरगळून बसत. तेव्हां शास्त्रज्ञांनीं उलट विचार केला: ज्या औषधानें ही मरगळ जाईल, तें माणसाच्या खिन्नतेवरहि चालेल काय? अशी एक कसोटी तयार झाली.

१९७७ सालीं पोरसोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरी कसोटी सांगितली. पाण्यानें भरलेल्या उंच काचपात्रांत उंदरास सहा मिनिटें सोडतात. तो आधीं धडपडतो, मग नुसता तरंगतो. शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ निश्चल होता, हें मोजतात. एका गटास साधें पाणी, दुसऱ्यास इमिप्रामिन हें परिचित औषध, व इतरांस अर्काच्या लहानमोठ्या मात्रा आधीं दिलेल्या असतात. अर्कानें निश्चलता घटली तर आशेस जागा होते. मात्र उत्तेजक पदार्थानेंहि उंदीर अधिक हालतो. म्हणून मोकळ्या पेटींत त्याची साधी हालचालहि तपासावी लागते. मुक्या जीवास यांत क्लेश होतात. यास्तव आपल्या देशांत अशा प्रयोगास नीतिसमितीची परवानगी आवश्यक आहे.

एवढ्यानें सिद्ध काय होतें? उंदीर तरंगतो तो निराशेनें कीं शक्ति राखण्यासाठीं, याविषयीं शास्त्रज्ञांत वाद आहे. म्हणून ही कसोटी म्हणजे केवळ चाळण होय, निकाल नव्हे. अर्काचा विषारीपणा तपासून, पुढें माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग झाल्यावांचून त्यास औषध म्हणतां येत नाहीं.

पालकांनीं सर्पगंधेचा धडा विसरूं नये: मुळी झाडाची असली म्हणून ती निरुपद्रवी असतेच असें नाहीं. मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहिलें, त्याची झोप व भूक उडाली, तर त्यास आळशी म्हणूं नये. नुसत्या काढ्यावरहि विसंबूं नये. त्यास डॉक्टरांकडे न्यावें.

आणि बालमित्रांनो, उंदरास आपलें दुःख सांगतां येत नाहीं, तुम्हांस येतें. मन जड झालें तर घरीं वा शाळेंत विश्वासाच्या माणसास तें अवश्य सांगा.