फेसलेली मोहरी

फेसलेली मोहरी : मोहरीचे दाणे किंवा मोहरीची डाळ थंड पाण्यात वाटून व घोटून तयार केलेला झणझणीत खाद्य कल्क. महाराष्ट्रात तो लोणची व कोशिंबिरी यांत घालतात. यूरोपात व्हिनेगर मिसळून केलेला असाच कल्क ‘मस्टर्ड’ या नावाने सॉसेज (आतड्याच्या आवरणात भरलेला मसालेदार खिमा) व इतर सामिष पदार्थांबरोबर तोंडीलावणे म्हणून वाढतात. कल्काची निवड ज्या पदार्थाबरोबर तो खावयाचा त्यावर अवलंबून असते.

अखंड दाण्याला झणका नसतो. काळ्या मोहरीत (ब्रॅसिका नायग्रा) व तपकिरी मोहरीत म्हणजे राईत (ब्रॅ. जुन्सिया) सिनिग्रिन, तर पांढऱ्या मोहरीत (सिनॅपिस आल्बा) सिनाल्बिन हे ग्लुकोसाइड असते. मायरोसिनेज हे एंझाइम दाण्यात त्यापासून अलग असते. दाणा फुटून पाण्याचा संपर्क झाला म्हणजे दोन्ही एकत्र येतात व तिखट द्रव्य निर्माण होते. सिनिग्रिनापासून होणारे ॲलिल आयसोथायोसायनेट बाष्पनशील असल्याने नाकात झिणझिण्या आणते. सिनाल्बिनापासूनचे द्रव्य बाष्पनशील नसल्यामुळे केवळ जिभेला जाणवते. म्हणून पांढऱ्या मोहरीचा कल्क सौम्य असतो.

उष्णतेने हे एंझाइम निकामी होते. तापलेल्या तेलात तडतडलेली फोडणीची मोहरी खमंग लागते, पण तिला झणका नसतो, याचे कारण हेच. उकळत्या पाण्यात कालवलेली मोहरी कडवट व निस्तेज होते. आम्लामुळे एंझाइमाची क्रिया मंदावते. त्यामुळे लिंबूरस किंवा व्हिनेगर आरंभीच घातल्यास कल्क सौम्य होतो. थंड पाण्यात फेसून सु. दहा मिनिटांनी, झणका चढल्यावर, आम्ल घातल्यास तो बराच काळ टिकतो. नुसत्या पाण्यातील कल्काचा झणका काही तासांत उतरतो.

महाराष्ट्रात काकडीच्या कोशिंबिरीत दह्याबरोबर थोडी मोहरी फेसून घालतात. दह्यामुळे तिचा तीव्रपणा आवरला जातो. कैरीच्या लोणच्यात मोहरीची डाळ वापरतात. गोव्यात पिकलेल्या आंब्याच्या ‘सासव’ या पदार्थात ओला नारळ व मोहरी यांचे वाटण आणि गूळ असतो. पदार्थाचे नावच मोहरीवरून (सं. सर्षप) आलेले आहे.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे १७२६ मध्ये मोहरी-कल्काचा कारखाना निघाला. तेथील कल्क तिखटपणाबद्दल प्रसिद्ध आहे. म्यूनिक येथे योहान कॉनराड डेव्हेलाय यांनी १८५४ मध्ये भरड मोहरी व साखर यांपासून गोड कल्क बनविला. वासराच्या मांसाचे पांढरे, सौम्य सॉसेज या गोड कल्काबरोबर खाण्याची बव्हेरियात रीत आहे. तिखट कल्काने त्याची नाजूक चव लोपते. भाजलेल्या सॉसेजबरोबर पांढरी व तपकिरी मोहरी मिसळून केलेला मध्यम तिखट कल्क, तर स्निग्ध व धुरावलेल्या मांसाबरोबर तिखट कल्क रुचतो. सौम्य पदार्थास सौम्य आणि स्निग्ध पदार्थास तीव्र, असे निवडीचे स्थूल सूत्र मांडता येते.

दाण्यांची शुद्धता मात्र चवीपेक्षा महत्त्वाची आहे. पिवळा धोत्रा (आर्जेमोन मेक्सिकाना) या तणाचे बी मोहरीसारखे दिसते व तिच्यात मिसळले जाऊ शकते. त्यातील सँग्विनरीन या विषारी अल्कलॉइडामुळे साथीचा जलशोथ हा विकार होतो. पायांवर सूज येते, धाप लागते व हृदयक्रिया बंद पडून मृत्यूही ओढवतो. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे साठाहून अधिक लोक दगावले. मोहरीचा दाणा गुळगुळीत असून चिरडल्यास आत पिवळा दिसतो; धोत्र्याचे बी काळपट, खरखरीत व आत पांढरे असते. मोहरी निवडताना मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरून भिंगाने पाहावेत आणि संशयास्पद दाणा फोडून तपासावा. फेसण्यासाठी नव्या हंगामातील, कोरडे व एकसारखे दाणे घ्यावेत आणि लागेल तेवढीच मोहरी ऐनवेळी वाटावी.