जाळीच्या विणीतील टाक्यांची घट
दोन सुयांवर लोकर किंवा सूत विणताना नियोजित जागी छिद्रे ठेवून जी नक्षी साधतात, तिला जाळीची वीण म्हणतात. छिद्र पाडण्यासाठी विणलेला भाग कोठेही कापावा लागत नाही. दोरा उजव्या सुईवरून नुसता घेऊन पुढचा टाका विणला की सुईवर एक जादा टाका तयार होतो आणि पुढच्या ओळीत त्याच्या खाली मोकळी जागा राहते. या जादा टाक्याची भरपाई केली नाही, तर प्रत्येक ओळीगणिक कापड रुंदावत जाईल. म्हणून प्रत्येक छिद्रामागे कोठेतरी दोन टाके एकत्र विणून एक टाका कमी करतात. एक छिद्र आणि एक घट अशी ही जोडी असते व ओळीतील टाक्यांची एकूण संख्या कायम राहते.

यावरून जाळीच्या विणीत घट ही दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरली जाते, हे लक्षात येईल. छिद्राची भरपाई करणारी ती नक्षीची घट आणि वस्त्र अरुंद करण्यासाठी योजलेली ती आकाराची घट. सुईवर दोन्ही एकाच रीतीने विणल्या जातात. फरक एवढाच, की नक्षीच्या घटीला छिद्राची जोड असते, आकाराच्या घटीला ती नसते. साध्या विणीत आकार देण्यासाठी कडेला टाके कमी करणे सोपे असते. जाळीत मात्र कडेचा एक टाका नाहीसा झाला, की त्याच्यावर अवलंबून असलेली जोडीही मोडते. नक्षीची घट तशीच ठेवून तिचे छिद्र गाळले, तर एक टाका कमी होतो. छिद्र ठेवून घट विसरली, तर एक वाढतो. 

घटीला दिशाही असते. दोन टाके एकत्र सुलट विणले, की वरचा टाका उजवीकडे झुकतो. एक टाका न विणता उचलून, पुढचा विणून, उचललेला टाका त्यावरून ओलांडून सोडला, की तो डावीकडे झुकतो. दोन टाके एकत्र उचलून, तिसरा विणून, दोन्ही त्यावरून ओलांडले, तर मधला टाका सर्वांच्या वर येतो आणि एक सरळ उभी रेघ दिसते. या दुहेरी घटीला दोन छिद्रांची जोड लागते. पानाची, कमानीची किंवा घोड्याच्या नालेची नक्षी ही मुख्यतः या तीन घटींच्या झुकावातूनच उमटते. छिद्रे तिला बाह्यरेषा पुरवतात. त्यामुळे आकारासाठी केलेल्या घटीचा झुकाव चुकला, तर टाक्यांची मोजदाद बरोबर येऊनही नक्षी बिघडलेली दिसते.

आकाराची घट आणि जाळी यांची गाठ सर्वांत कसोटीने पडते ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या शालींमध्ये. रशियातील ओरेनबुर्ग येथील बकरीच्या लवीच्या शालीत मधला भाग व बाजूच्या किनारी एकत्रच विणत जातात. एस्टोनियातील हापसालू येथील शालीची झालर वेगळी विणून मागाहून शिवतात. शेटलंडची पारंपरिक शाल मात्र बाहेरून आत विणली जाते. प्रथम करवती दातांची अरुंद झालर, नंतर तिच्या सरळ कडेवरून टाके उचलून रुंद किनार आणि शेवटी मधला चौकोन, असा तिचा क्रम असतो. बाहेरची कड आतल्यापेक्षा लांब असल्यामुळे किनारीची प्रत्येक बाजू आत येताना दोन्ही टोकांना अरुंद होत गेली पाहिजे. नक्षीकामही सर्वांत जास्त याच किनारीत असते.

शेटलंडमधील या कलेचा व्यापारी उत्कर्ष एकोणिसाव्या शतकात झाला. मूळचे या बेटांचे असलेले जहाज-व्यावसायिक आर्थर अँडरसन यांनी १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम पायमोजे भेट दिले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात येथील जाळीदार वस्त्रे मांडली गेली. सर्वांत उत्तरेकडील अन्स्ट हे बेट तलम सुतासाठी विशेष प्रसिद्ध झाले. तेथे मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर कातरण्याऐवजी हाताने उपटून घेत आणि तिचे केसासारखे बारीक सूत कातीत. अशा सुताची पूर्ण आकाराची शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता येते.

किनारीच्या कोपऱ्याचे गणित या विणीच्या जातीशी निगडित आहे. शेटलंडची जुनी जाळी बहुधा दोन्ही बाजूंनी सुलट टाके घालून होणाऱ्या विणीवर आधारलेली असते. या विणीत एका टाक्याची रुंदी साधारणपणे दोन ओळींच्या उंचीइतकी भरते. म्हणून दर दोन ओळींनी प्रत्येक टोकाला एक टाका कमी केला, की कड ४५ अंशांत तिरपी जाते आणि अशा दोन तिरप्या कडा जोडल्या, की बरोबर काटकोन मिळतो. एका बाजूने सुलट व दुसऱ्या बाजूने उलट विणलेल्या कापडात टाका रुंदीच्या मानाने बुटका असतो. पण एका टाक्याच्या रुंदीत दोन ओळी मावत नाहीत. त्यामुळे तोच नियम तेथे लावल्यास कोपरा ४५ अंशांवर बसत नाही व कापड नीट सपाट राहत नाही.

एका साध्या नक्षीवरून पुढील रीत स्पष्ट होईल. नक्षीचा घटक ६ टाक्यांचा आहे असे मानू आणि त्या टाक्यांना क, ख, ग, घ, च, छ म्हणू. नक्षीच्या ओळीत क-ख एकत्र विणावयाचे, दोरा सुईवरून घ्यावयाचा, ग सुलट, पुन्हा दोरा, घ-च एकत्र आणि छ सुलट. सहा टाके विणले जातात व सहाच तयार होतात. मधली ओळ साधी असते. असे १० घटक आणि कडेचा एक टाका मिळून सुईवर ६१ टाके आहेत. आता उजव्या कडेला दर नक्षी-ओळीत एक टाका कमी करावयाचा आहे. पहिल्या वेळी क-ख एकत्र विणून त्यानंतरचे छिद्र गाळतात. पाच टाके उरतात. दुसऱ्या वेळी क नसल्याने ख हा ग बरोबर एकत्र विणतात, ही आकाराची घट झाली. पुढचे छिद्र व घ-च ही त्याची जोडी मात्र शाबूत असल्याने ती विणली जाते. तिसऱ्या वेळी ग-घ एकत्र जातात. आता च एकटा उरला. त्याला जोडीदार नाही, म्हणून छिद्रही घ्यावयाचे नाही. चौथ्या व पाचव्या वेळी उरलेले टाके साधेच विणून एकेक कमी करतात आणि सहाव्या वेळी शेवटचा छ कडेच्या टाक्यात मिळून जातो. डाव्या कडेला हेच उलट क्रमाने होते. बारा ओळींनंतर सुईवर ४९ टाके, म्हणजे ८ पूर्ण घटक आणि कडेचा एक टाका राहतो व नक्षी जेथल्या तेथे असते.

या रीतीचे मर्म असे, की छिद्र घेण्यापूर्वी त्याची जोडीची घट विणण्याइतके टाके शिल्लक आहेत की नाहीत, एवढेच पाहावयाचे. नसतील, तर त्या जागी साधी वीण ठेवावी. कडेजवळ तीन-चार टाक्यांची साधी पट्टी राहिली, तरी ती डोळ्याला खटकत नाही. उलट अर्धवट जोडीचे एकाकी छिद्र लगेच नजरेत भरते. झुकावाबाबतही काळजी घ्यावी लागते. उजवी कड वर जाताना डावीकडे सरकते, म्हणून तेथील आकाराची घट डावीकडे झुकणारी आणि डाव्या कडेची उजवीकडे झुकणारी असावी. म्हणजे घटींची ओळ कडेला समांतर धावते. वरील उदाहरणात पहिल्या वेळची क-ख ही घट नक्षीच्या नियमाने उजवीकडे झुकते. ती कडेला डावीकडे झुकवून घेणे चांगले.

सर्वच नक्षींत टाक्यांची संख्या दर ओळीला सारखी नसते. काहींत छिद्रे एका ओळीत व त्यांच्या घटी दोन-तीन ओळींनंतर येतात. अशा नक्षीत आकाराच्या घटीचा हिशेब संख्या पूर्ववत होणाऱ्या ओळीतच करावा. शेटलंडमध्ये ‘ओल्ड शेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाटांच्या नक्षीत घटी व छिद्रे एकाच ओळीत, पण वेगवेगळ्या गटांत असतात. तिचा घटक १८ टाक्यांचा असतो : तीन वेळा दोन टाके एकत्र, सहा वेळा दोरा व एक सुलट, पुन्हा तीन वेळा दोन एकत्र. येथे कडेला घट करण्याऐवजी संपूर्ण घटकच लहान करता येतो. एका ओळीत सहाही छिद्रे गाळली, की १८ चे १२ टाके होतात आणि पुढे चार घटी व चार छिद्रे यांची तीच लाट लहान प्रमाणात चालू राहते. गोल गळपट्ट्यासाठी ही युक्ती फार सोयीची आहे.

तिसरा मार्ग नक्षी आणि आकार यांची फारकत करण्याचा. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन विणकाम-लेखिकेने १९७४ च्या आपल्या पुस्तकात गोल शालीची जी रीत दिली, तिच्यात मध्यापासून सुरुवात करून टाके एकदम दुप्पट करतात आणि मधले अंतर दर वेळी दुप्पट ठेवतात : १८ टाक्यांवर ३ फेऱ्या, ३६ वर ६, ७२ वर १२. अंतरा-अंतरातील पट्ट्यांत टाके मुळीच बदलत नाहीत, त्यामुळे कोणतीही जाळी तेथे अखंड बसते. बाहेरून आत विणताना हाच क्रम उलटा करून टाके निम्मे करता येतात. मात्र टोकदार कोपऱ्याच्या किंवा बाहीच्या आकारास ही रीत उपयोगी नाही. महाराष्ट्रात बाळंतविड्यासाठी घरोघरी विणल्या जाणाऱ्या स्वेटरांत अनेकदा जाळी काखेपर्यंतच ठेवून वरचा उतरता भाग साधा विणतात, तीही एका अर्थी हीच फारकत होय.

शेटलंडच्या विणकर स्त्रियांना हा पर्याय नव्हता, कारण त्यांच्या किनारीचे मोल नक्षीवरच ठरत असे. किनारीच्या आतल्या कडेवर उरणारे टाके मधल्या चौकोनाच्या ओळींशी जुळले पाहिजेत. एका कोपऱ्यात घट राहून गेली, तर ते जुळत नाहीत. तलम लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत असल्याने उसवणेही धोक्याचे असते आणि उसवले, तर झालरीपासूनचे श्रम पणाला लागतात. या श्रमांचा मोबदला पुष्कळदा रोख मिळत नसे. वस्तुविनिमयाच्या वेतनपद्धतीची चौकशी करून विल्यम गथरी यांनी १८७२ मध्ये सादर केलेल्या अहवालात, शालींच्या बदल्यात स्त्रियांना व्यापाऱ्याच्या दुकानातील चहा व कापड घ्यावे लागत असल्याच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. सदोष शालीला तेवढेही मिळण्याची शाश्वती नसे. लर्विक येथील शेटलंड संग्रहालयात जुन्या शालींचा मोठा संग्रह असून, किनारीच्या तिरप्या कडेशी नक्षी कशी मिटत जाते हे त्यांवरून अभ्यासता येते.

विणून झालेली शाल धुऊन ओलसर असतानाच चौकटीवर ताणून बसवतात. सुईवरून उतरताना ती चुरगळलेल्या गोळ्यासारखी दिसते; ताणल्यावर छिद्रे उघडतात, घटींच्या रेषा सरळ होतात आणि प्रत्येक जोडी बरोबर विणली गेली आहे की नाही, हे प्रथमच पूर्णपणे दिसते.