पंधरा सेंटची सीतेची वेणी

मलेशियाची १९६५ सालची तिकिटं कुणाच्याही संग्रहात दिसली, की मी आधी पंधरा सेंटचं तिकीट शोधते. त्यावर आहे रिंकोस्टायलिस रेटुसा, म्हणजे आपली सीतेची वेणी. उन्हाळा सरता सरता सह्याद्रीत आंब्या-जांभळांच्या फांद्यांवरून वीत-दोन वीत लोंबणारा, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके असलेला तोच घोस. आसामात हे राज्यफूल. बिहूला बायका ते केसांत माळतात.

त्या वर्षी मलेशियाच्या तेराही राज्यांनी तीच सात ऑर्किडं छापली. फूल तेच, सोबत मात्र कुठे त्या राज्याच्या राज्यकर्त्याचं चित्र, कुठे नुसतं राज्यचिन्ह. म्हणजे एकट्या सीतेच्या वेणीची तेरा तिकिटं! पुष्कळांना याचा कंटाळा येतो. मला तर यातच खरी गोडी वाटते. छपाई इंग्लंडच्या हॅरिसन छापखान्याची, फोटोग्रॅव्हुअर पद्धतीची. तिकीट चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरलं, की सलग वाटणारा रंग बारीक ठिपक्यांत सुटा होतो. १९७१मध्ये या ऑर्किडांच्या जागी फुलपाखरं आली.

मी फक्त रानटी जातींची तिकिटं जमवते. संकरित फुलं देखणी असतात, पण त्यांना स्वतःचं रान नसतं. याच संचात एक सेंटच्या तिकिटावर व्हँडा हुकेरियाना आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल असलेली संकरित ‘व्हँडा मिस जोकिम’ हिच्याच वंशातली. लेक जगभर गाजली. मला या रानटी पूर्वजाचं तिकीट जास्त मोलाचं वाटतं.

आपल्या टपाल खात्यानं १९९१मध्ये सहा ऑर्किडांचा संच काढला. त्यातलं एरिडिस क्रिस्पा पश्चिम घाटातलं, गुलाबी आणि सुवासिक. पॅफिओपेडिलम व्हेनुस्टम पूर्व हिमालयातलं. त्याच्या ओठाची पिशवी झालेली असते. कीटक तिच्यात पडतो आणि मागच्या अरुंद वाटेनं बाहेर निघताना परागकण अंगावर घेऊन जातो. पॅफिओपेडिलमच्या रानटी रोपांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानं बंद आहे, तरी चोरटी तोड चालूच असते.

घाटातल्या रस्त्याकडेला फांदीसकट ओरबाडलेली ऑर्किडं विकायला ठेवलेली दिसली, की माझा जीव तुटतो. ऑर्किडाचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतो. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि पहिलं फूल यायला वर्षं लागतात. एवढ्या खटपटीनं फांदीवर जगलेलं रोप शहरातल्या गॅलरीत बहुधा सुकून जातं.

नव्यानं तिकिटं जमवणाऱ्या मुलांना मी एकच सवय लावते. अल्बममध्ये तिकिटाखाली देश आणि साल तर लिहायचंच, त्याखाली ते फूल कुठल्या रानात, कोणत्या महिन्यात फुलतं तेही लिहायचं. सीतेच्या वेणीखाली मलेशियाबरोबर आसाम आणि सह्याद्रीही येतो, मग मुलं आपणहून विचारतात, कुठल्या झाडावर बघायला मिळेल?