पोरांच्या खोलीतली बुरशी: वरून रंग मारू नका

आजचा विषय जरा कुबट वासाचा आहे.

बारामती-इंदापूर म्हणजे पर्जन्यछायेतला भाग. बुरशी वगैरे कोकणातल्या लोकांची डोकेदुखी, असं आपण म्हणत आलो. मग २०२५ चा मे आला. २५ मे रोजी पिंपळीजवळ निरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी शिरलं, बारामती आणि इंदापूरसाठी एनडीआरएफची पथकं आली. पाणी ओसरतं हो, पण भिंतीत मुरलेली ओल कितीतरी दिवस तशीच राहते.

आता आधी एक ओळखा: भिंतीवर आहे ते बुरशीच आहे का? कालव्याखालच्या, क्षारपड जमिनीतल्या घरांना लोणा लागतो. पांढरी, मिठासारखी भुकटी. थोडी खरवडून पाण्यात टाका. विरघळली तर लोणा. काळपट-हिरवे ठिपके असतील, वास येत असेल, तर बुरशी. आणि काळी तेवढी विषारी, हिरवी चालते, असं काही नसतं. रंगावरून धोका कळत नाही.

धोका किती? इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२० मध्ये गेलं. २०२२ च्या चौकशीत कारण निघालं घरातली बुरशी. वडिलांनी तक्रार केली होती, तर त्यांना सांगितलं गेलं, वरून रंग मारा! इतकं टोकाचं क्वचितच होतं. पण दमा असलेल्या पोराला बुरशीचा त्रास नक्की वाढतो.

तर मग करायचं काय? पहिलं, पोराला दुसऱ्या खोलीत झोपवा, आजच. मग पाणी कुठून येतंय ते शोधा. स्लॅब, पाइप, बाहेरचा तडा? कळत नसेल तर भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतली. बाहेरून आले तर खोलीतल्या दमट हवेची. म्हणजे कपडे आत वाळत घालणं बंद.

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल, तर माहितगार माणूस बोलवा. लहान असेल तर घरीच जमतं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. खिडकी उघडी, दार बंद, पंखा बंद. पंखा चालू राहिला की बीजाणू घरभर! कोरडा ब्रश किंवा झाडू मारायचा नाही. कपडे धुण्याची पावडर टाकलेल्या पाण्याने ओलं करून घासा, पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र तर चुकूनही नको, क्लोरीन वायू तयार होतो. बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

कापसाच्या गादीत बुरशी शिरली असेल तर ती गादी गेलीच समजा. ऊन दाखवून वास जातो, बुरशी नाही. (आजी नाराज होईल, होऊ द्या.) कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

रंग? भिंत पूर्ण वाळल्यावरच. ऑक्टोबरचं ऊन फुकट मिळतं, थांबा जरा.

आणि पोराला रात्रीचा खोकला, छातीत घरघर असेल तर डॉक्टरांकडे जाताना मोबाईलमध्ये त्या भिंतीचा फोटो घेऊन जा.