अंजनेरीवरची खरपुडी कशी ओळखावी?

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला साधारण 20 किलोमीटरवर अंजनेरी लागते. श्रावण-भाद्रपदात हनुमानाचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या ठिकाणाकडे चढणाऱ्यांच्या पायाशी, गवतात, खरपुडी उभी असते. हिलाच कंदीलपुष्प म्हणतात. इथल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच हा डोंगर आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. 2006 साली तिची नवी जात म्हणून नोंद झाली.

आधी पान

फूल थोड्या दिवसांचं. पान पावसाळाभर भेटतं. खरपुडीची पानं समोरासमोर, एका पेरावर दोन. काही जातींची पानं इतकी अरुंद की नजर त्यांना गवतातच जमा करते. पण गवताचं पान पेराला एकच, शिरा समांतर आणि बुडाशी खोडाला गुंडाळलेलं. कळलावीशी गल्लत होत असेल तर पानाचं टोक बघा. ते स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर ती कळलावी. फुलाची वाट बघायचं कारण नाही.

वेल की उभी?

खरपुडीच्या बऱ्याच जाती झुडपांवर चढतात. अंजनेरिका मात्र आधार शोधत नाही, ताठ उभी राहते.

मग फूल

एकदा पाहिलं की विसरत नाही. खाली फुगीर बूड, वर नळी आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या. बहुतेक जातींत त्यांची टोकं जुळून छोटा पिंजरा होतो. हा कंदील खरं तर सापळा आहे. वासाला भुलून बारीक माश्या आत घसरतात, नळीतले खाली वळलेले केस त्यांना परत चढू देत नाहीत. पुढे केस सुकतात, माशी सुटते आणि जाताना पराग घेऊन जाते.

फूल हुकलं तर

शेंगा पाहा. शिंगांसारख्या, बहुधा जोडीनं. फुटल्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या सांगतात की ही रुईच्या घरातली.

फोटो काढताना

वरून काढलेला सुंदर फोटो ओळखीला निरुपयोगी. फुलाचा आडवा फोटो हवा, नळी पूर्ण दिसेल असा. दुसरा पानाच्या पेराचा. कंद उकरू नका. 2017 पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहेच, शिवाय पावसाळ्यानंतर वरचं झाड सुकून जातं आणि पुढच्या वर्षीची खरपुडी त्या कंदातच असते.