नगरच्या कृपाबाई आणि त्यांची कमला

हरिभाऊ आपट्यांची यमू आपल्याला न वाचताही ठाऊक असते. ‘पण लक्षात कोण घेतो’ म्हटलं की शंकर मामंजी आठवतात, केशवपन आठवतं. ही कादंबरी ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः येत होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत तिकडे मद्रासेत, आजारपणानं खंगत चाललेली एक मराठी बाई दुसरी एक कादंबरी हातावेगळी करत होती. तिच्याही नायिकेला सासू आहे, नणंदेचा जाच आहे, चार बुकं शिकलेला नवरा आहे. पण ही नायिका एका टप्प्यावर नवऱ्याचं घर सोडून चालू लागते.

कादंबरीचं नाव ‘कमला’, साल १८९४, लेखिका कृपाबाई सत्यनाथन. आमच्या सोलापुरात मी हे नाव काढलं की हमखास प्रश्न येतो, “सत्यनाथन? मद्रासकडच्या का ओ?” नाही, नगरच्या. माहेरच्या खिस्ती. पण त्यांनी लिहिलं इंग्रजीत, धर्मानं त्या ख्रिस्ती आणि संसार केला मद्रासेत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जागा न मिळायला एवढी तीन कारणं पुरली. इंग्रजीवाल्यांनीही शंभरेक वर्षं त्यांना विसरून दाखवलं, तेव्हा एकट्या आपल्यालाच बोल लावण्यात अर्थ नाही.

मी कृपाबाईंपर्यंत पोचले ती उलट्या वाटेनं, इंग्लंडमार्गे. कॉलेजात इंग्रजी शिकवताना ब्राँटे भगिनींपैकी शार्लटची ‘जेन एअर’ आणि एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ या दोघी ठरलेल्या. तिसरी, सगळ्यांत धाकटी ॲन, पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत. तिची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ मी एका सुट्टीत वाचायला घेतली आणि रात्री जेवण गार झालं तरी हातातून सुटेना. पुस्तक १८४८ चं, ॲक्टन बेल या पुरुषी टोपणनावानं छापलेलं. हेलन नावाची बाई लहान मुलाला घेऊन एका पडक्या वाड्यात येऊन राहते, चित्रं विकून पोट भरते, आणि गाव तिच्याबद्दल नको नको ते बोलतं. तिच्या रोजनिशीतून पुढे कळतं की ती दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याला सोडून लपून आलेली आहे.

यातला एक प्रसंग मी वर्गात अभ्यासक्रमात नसतानाही वाचून दाखवत असे. हेलन पळून जायची तयारी गुपचूप करते आहे. चित्रं विकून चार पैसे जमवायचे आणि निघायचं. एका संध्याकाळी नवरा तिच्या हातातून रोजनिशी हिसकावून घेतो आणि वाचतो. मग किल्ल्या मागतो. तिच्या कपाटातले पैसे आणि दागिने ताब्यात घेतो. रंग, कुंचले, रंगांची पाटी शेगडीत टाकतो. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. बाईच्या मिळकतीचं साधन तेवढं जाळायचं. आणि हे सगळं कायद्याला धरून! त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईच्या जंगम चीजवस्तूंचा मालक नवरा. तिथले विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे आले १८७० आणि १८८२ मध्ये. मुलाचा ताबाही बापाचाच, त्यामुळे हेलन मुलाला घेऊन निघते तेव्हा कायद्याच्या लेखी ती गुन्हेगारासारखीच. बापानं पोराला दारूची चटक लावलेली असते. ती मोडायला ही आई पेल्यात ओकारीचं औषध थोडं थोडं मिसळते. १८४८ साली हे छापायला छाती लागत होती.

पुस्तक खपलं, टीकाही झाली. पुढच्या वर्षी, वयाच्या २९ व्या वर्षी, ॲन गेली. त्यानंतर शार्लटनं मत दिलं की विषयाची निवडच चुकली होती, हे पुस्तक जपण्याजोगं नाही. सख्ख्या बहिणीनंच असं म्हटल्यावर काय बोलणार? मला शार्लटचा राग येतो. ‘जेन एअर’मध्ये वेडी बायको माळ्यावर कोंडून ठेवणारा नवरा हिला नायक म्हणून चालला, आणि नवऱ्याच्या तोंडावर खोलीचं दार लावून घेणारी हेलन मात्र चालली नाही!

तर, अशी बाई आपल्याकडच्या जुन्या कादंबरीत सापडते का, हे शोधता शोधता कृपाबाई भेटल्या.

चरित्र थोडक्यात उरकते. जन्म १४ फेब्रुवारी १८६२, अहमदनगर. वडील हरिपंत आणि आई राधाबाई, दोघं ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. १४ भावंडांत कृपाबाईंचा नंबर तेरावा. वडील लवकर गेले, वाचनाची गोडी लावणारा थोरला भाऊ भास्करही ऐन तारुण्यात गेला. १८७८ साली मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश. आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत बसल्या त्या १८८३ मध्ये, म्हणजे त्याआधी पाच वर्षं ही नगरची मुलगी वैद्यकीचे वर्ग करत होती. पहिल्या वर्षी बक्षिसं मिळवली, पण प्रकृतीनं साथ सोडली आणि शिक्षण थांबलं. पुढे सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी लग्न, उटीला मुसलमान मुलींसाठी शाळा, राजमहेंद्री, कुंभकोणम, पुन्हा मद्रास. एकच मूल झालं, तेही वर्षाच्या आत गेलं. ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आधी मासिकातून आली. ‘कमला’ दुखण्यातच पुरी केली, आणि ३ ऑगस्ट १८९४ ला, ३२ व्या वर्षी त्या वारल्या. ‘सगुणा’ व्हिक्टोरिया राणीनं वाचली आणि या बाईंचं आणखी काही असेल तर पाठवा म्हणाली, अशी नोंद मिळते.

आता ‘कमला’. डोंगरातल्या एकांतात संन्यस्त वृत्तीच्या बापाजवळ वाढलेली आईवेगळी पोर. बापानं तिला शिकवलेलं, पण जगाची रीत ठाऊक नाही. लग्न होऊन ती भरल्या घरात जाते. सासूला सुनेची विद्या डोळ्यांत खुपते. नवरा गणेश स्वभावानं वाईट नाही. बायकोला शिकवावं असं त्याच्या मनात येतं, पण घरातल्यांपुढे त्याचं बळ टिकत नाही. हे चित्र मला फार खरं वाटतं. आपट्यांच्या कादंबरीत सुधारक नवरा सुधारक राहतो आणि मरतो. कृपाबाईंचा सुधारक नवरा हळूहळू साधा नवरा होतो.

आणि मग येते साई. देखणी, हुशार, पैसेवाली, कुणाच्या ताब्यात नसलेली. गणेश तिच्या नादी लागतो. इतर कुठल्याही कादंबरीत तिला ‘ती’ बाई म्हणून दोन ओळींत निकालात काढलं असतं. कृपाबाई तिचा निषेध करतात, करायलाच हवा, त्या काळच्या सज्जन ख्रिस्ती गृहिणी त्या. पण लिहिताना त्यांची लेखणी साईपाशी रेंगाळते. पुस्तकभर एकच बाई मनाला येईल तेव्हा उठते, मनाला येईल तिथे जाते, पुरुषांशी बरोबरीनं बोलते, आणि ती ही. कमला गुणी आहे, साई जिवंत आहे. माझं मत विचाराल तर कृपाबाईंनी आपली बुद्धी कमलेला दिली आणि आपली अधीरता साईला.

साईचा वावर घरापर्यंत पोचतो तेव्हा कमला निघते. आदळआपट नाही, भाषण नाही. वाचताना आधी कळतही नाही की केवढी गोष्ट घडली. हेलनच्या हाती निदान कुंचला होता, आसरा द्यायला भाऊ होता. कमलेच्या हाती काय? आपल्याकडे शास्त्रात स्त्रीधन बाईचं स्वतःचं, विलायतेपेक्षा आपण त्यात पुढे, असं अभिमानानं सांगतात. खरं आहे. फक्त डबा सासूच्या कपाटात असतो. माझी एक मैत्रीण इथे कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. तिला मी हेलनच्या किल्ल्यांचा प्रसंग सांगितला तर ती हसली. पक्षकार बाई समोर बसली की हिचा पहिला प्रश्न ‘मारतो का?’ हा नसतोच. ‘दागिने कुणाकडे आहेत आणि पासबुक कुठं आहे?’ हा असतो.

घर सोडण्याला त्या वेळी किती किंमत पडत होती, ते मुंबईत सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजीकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली खटला उभा राहिला. पहिला निकाल बाजूनं, पण १८८७ मध्ये कोर्टानं सुनावलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. ‘केसरी’नं त्यांच्यावर आग पाखडली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. हे सगळं वर्तमानपत्रांतून गाजत होतं तेव्हा कृपाबाई मद्रासेत ‘सगुणा’ लिहीत होत्या.

एक गोष्ट मात्र या कादंबऱ्या वाचताना विसरली जाते. दारं बंद होती ती प्रामुख्यानं पांढरपेशा घरांची. इतर अनेक जातींत काडीमोड होती, पाट होता. पंचांपुढे जायचं, देणंघेणं मिटवायचं, मोकळं व्हायचं. त्यात त्रास नव्हता असं नाही, पण वाट होती. साहित्य लिहिलं वाट नसलेल्यांनी, म्हणून आपल्याला सगळीकडे भिंतीच दिसतात.

कादंबरीतला डोंगराळ मुलूख मला नाशिककडचा वाटतो, म्हणून एका पावसाळ्याच्या शेवटी अंजनेरी चढून आले. पायऱ्यांनी दम काढला. वर पठारावर तळं, अंजनीमातेचं देऊळ, आणि वारा असा की पदर सावरता सावरता पुरेवाट. अशा जागी बापाशिवाय कुणाशी न बोलता वाढलेली मुलगी खाली वाड्यात, दहा बायकांच्या स्वयंपाकघरात जाऊन पडली तर तिला श्वास घेता येईल का, हे वर उभं राहिल्यावर कळतं. कृपाबाईंची निसर्गवर्णनं लांबतात, अलंकारांनी जड होतात, घाईचा वाचक ती उडी मारून पुढे जाईल. जाऊ नये.

नगरलाही गेले. ही नगरी म्हणजे अमेरिकन मिशनचं मोठं ठाणं. जोतीरावांनी इथेच सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्याला जाऊन स्वतः शाळा काढली. त्या फरार बाई १८६२ साली वारल्या, कृपाबाईंच्या जन्माच्याच वर्षी. पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक इथे राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ आपण डोक्यावर घेतलं ते योग्यच केलं. पण लक्ष्मीबाईंच्या किती तरी आधी, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून नाइलाजानं त्याच्या मागे गेलेल्या ब्राह्मण बाईची कथा ‘सगुणा’च्या सुरुवातीला आहे, आणि ती कृपाबाईंच्या आईची आहे. त्या पुस्तकात मिशनरी मडमांचा तोराही सुटत नाही. ज्यांच्या शाळेत शिकलो त्यांचंही नाक दिसतं तसं रंगवायचं, हा या बाईंचा कणखरपणा मला आवडतो.

आता म्हणाल, यात सोलापूर कुठं? आहे ना. घर सोडणारी बाई मराठीत ठसठशीतपणे आली ती १९३४ मध्ये, विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये. दुराचारी नवऱ्यापासून दूर झालेली अचला, कायद्यात घटस्फोट नाही, आणि तरी ती विरागबरोबर राहते, आई व्हायचं ठरवते. त्याच्या आदल्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’नं महाराष्ट्र खवळलेला होता, ही विभावरी कोण, बाई की पुरुष, याचा शोध चाललेला. ॲनच्या ॲक्टन बेललाही हाच त्रास झाला होता. तिनं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सुनावलं की पुस्तक चांगलं असेल तर लिहिणारा कोण याच्याशी काय कर्तव्य?

ही विभावरी म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर, आणि त्या १९३० च्या दशकाच्या अखेरीस आमच्या सोलापुरात नोकरीला होत्या. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची सेटलमेंट इथे होती. तिथली माणसं गिरण्यांत राबत, हजेरी देत आणि कुंपणाआड परत जात. जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ मध्ये गेला, वस्तीचं नाव मात्र राहिलं. रिक्षावाल्याला आजही ‘सेटलमेंट’ म्हटलं की पुरतं. त्या अनुभवावर मालतीबाईंनी १९५० मध्ये ‘बळी’ लिहिली. ‘हिंदोळ्यावर’नंतर ‘बळी’ वाचली की लक्षात येतं, वाड्याची भिंत काय नि सरकारची तार काय, या बाईला कुंपणं दिसायचीच. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ मध्ये, देशभर १९५५ मध्ये. अचला तेरा वर्षं आधी निघाली होती, कमला त्रेपन्न.

‘कमला’च्या शेवटाबद्दल मात्र माझं आणि मैत्रिणींचं भांडण आहे. गणेश पटकीनं मरतो. कमलेला माहेरची संपत्ती मिळते. रामचंदर नावाचा माणूस, जो पूर्वीच तिचा नवरा व्हायचा, तो पुन्हा येतो आणि लग्नाचं विचारतो. ॲनची हेलन शेवटी, तिच्यावर प्रेम करणाऱ्या गिल्बर्टला ‘हो’ म्हणते. कमला ‘नाही’ म्हणते, आणि पैसा विधवा व अनाथांसाठी खर्च करते. समीक्षक म्हणतात, लेखिकेनं इथे कच खाल्ली, रूढीपुढे मान तुकवली. मला ते पटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा जिच्या हाती स्वतःचा पैसा आला, ती तो पुन्हा कुणाच्या घरात कशाला नेईल? पुस्तकात असं लिहिलेलं नाही, कमलेची कारणं धर्माचीच आहेत, हे कबूल. पण पैसा आधी येतो आणि नकार नंतर, हा क्रम कृपाबाईंनीच लावलेला आहे.

वाचायचं असेल तर १९९८ मध्ये चांदनी लोकुगे यांनी संपादित केलेली ऑक्सफर्डची आवृत्ती आहे. जुनी पुस्तकं इंटरनेटवरही सापडतात. क्रम माझा असा: आधी ‘कमला’, मग ‘सगुणा’, आणि ॲनची हेलन सर्वांत शेवटी, म्हणजे तुलना आपल्या बाजूनं सुरू होते. रामचंदर प्रश्न विचारतो तिथे पुस्तक जरा मिटून स्वतःचं उत्तर ठरवा आणि मग पुढे वाचा. आमच्या भिशीत यावरून दोन तट पडले. पुढच्या महिन्यात ज्यांच्या घरी भिशी होती त्यांनी निरोपातच कळवलं, हुग्गी केलीय, सगळ्यांनी या, पण कमलेचा विषय काढायचा नाही.