पहिले २८ दिवस, बाळाची राखण



जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बाळाच्या जिवाला सगळ्यांत जास्त धोका असतो. यातले बहुतेक दिवस बाळ घरीच असते. म्हणून राखणही घरातच व्हायला हवी. गडचिरोलीतल्या खेड्यांनी हे करून दाखवले आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’चे काम सुरू केले. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटायची. म्हणून त्यांना विचारून शोधग्राममध्ये त्यांच्या पाड्यासारखाच झोपड्यांचा दवाखाना बांधला गेला.

१९९५ पासून ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, न रडलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोष ओळखून औषध-इंजेक्शन देणे हे सारे त्या शिकल्या. तिथे पूर्वी हजारात ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत. तीन वर्षांत हा आकडा सुमारे २५ वर आला. जिथे हे काम नव्हते त्या शेजारच्या ४७ गावांत तो जवळपास तसाच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले, आणि २०११ पासून सरकारने हे काम देशभरातल्या आशाताईंकडे दिले.

म्हणजे घरभेट हा आपला हक्क आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचे असते. घरी झाले तर पहिल्या दिवशीही. पण लेक बाळंतपणाला माहेरी येते, तिचे नाव सासरच्या यादीत राहते आणि भेटी हुकतात. म्हणून माहेरी पोचल्याबरोबर तिथल्या आशाताईकडे नाव घाला.

घरच्यांनी एवढे पाळावे: तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, चीक फेकू नये. मध, घुटी, पाणी देऊ नये. बाळ अशक्त असेल तर आईने उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी, अंघोळीची घाई नको. घरात विड्या वळत असाल तर तंबाखूचे सूप बाळापासून लांब ठेवा.

बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेले, रडणे क्षीण, हातपाय ढिले, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, पोट फुगलेले, नाळेतून पू, यातले एकही दिसले तर रात्र सरायची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या काळातील लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात महिला मंडळाने एक वही काढावी. वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईचे नाव, तारीख, आशाताईचा फोन त्यात लिहावा. बाळ जन्मले की भेटींवर खूण करावी. खूण राहिली तर दोघींनी त्या घरी जाऊन यावे.